अल्पतम विकसित देश : यादीत येण्याची आणि यादीतून बाहेर पडण्याची वाट

जगातील सर्वांत दुर्बळ अर्थव्यवस्था असलेल्या देशांची एक अधिकृत यादी संयुक्त राष्ट्रसंघ ठेवत असतो. या यादीतील देशांना ‘अल्पतम विकसित देश’ असे म्हटले जाते. यादी १९७१ मध्ये तयार झाली तेव्हा तीत २५ देश होते. २००३ मध्ये पूर्व तिमोरचा समावेश झाल्यावर ही संख्या ५० झाली. पुढे काही देश बाहेर पडले, दक्षिण सुदानसारखा नवा देश २०१२ मध्ये आत आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ टोमे व प्रिन्सिपे हा द्वीपदेश बाहेर पडल्यानंतर यादीत ४४ देश उरले. त्यांपैकी ३२ आफ्रिकेतील, आठ आशियातील, तीन प्रशांत महासागरातील, तर हैती हा कॅरिबियन समुद्रातील एकमेव देश होता.

या देशांमध्ये जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १४ टक्के लोक राहतात. जगाच्या एकूण उत्पन्नातील त्यांचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी असून जागतिक निर्यातीतील वाटा एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत राहिला आहे. निर्यातीतील हा वाटा २०२० पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट २०११ च्या इस्तंबूल परिषदेत ठरवण्यात आले होते. ते साध्य झाले नाही.

यादीचा जन्म आणि भारताचा संबंध

विकसनशील देशांमध्येही काही देश इतरांच्या फार मागे आहेत आणि सर्वांना एकच माप लावल्यास ते मागेच राहतील, हा विचार १९६० च्या दशकात पुढे आला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन १९६८ मध्ये नवी दिल्लीत भरले होते. अशा देशांसाठी विशेष उपाययोजना करावी, असा ठराव याच अधिवेशनात झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९७१ मध्ये, राष्ट्रसंघाच्या आमसभेने पहिल्या यादीला मान्यता दिली.

भारत या यादीत कधीही नव्हता. मात्र त्या पहिल्या यादीत सिक्कीमचे नाव होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९७५ मध्ये सिक्कीम भारतीय संघराज्यातील घटक राज्य झाले आणि त्याचे नाव यादीतून आपोआप गळाले. भारताचे शेजारी मात्र यादीत मोठ्या संख्येने राहिले आहेत. अफगाणिस्तान, नेपाळ, भूतान आणि मालदीव हे देश पहिल्या दिवसापासून यादीत होते. बांगलादेश १९७५ मध्ये, तर म्यानमार १९८७ मध्ये यादीत आला.

सिक्कीम वगळता मूळ यादीत २४ देश उरतात. त्यांपैकी बोत्स्वाना, मालदीव, सामोआ आणि भूतान असे चारच देश २०२४ अखेरपर्यंत बाहेर पडू शकले. उरलेले वीस देश अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्याच यादीत राहिले. हैती, चाड, नायजर, माली, सोमालिया, येमेन ही नावे १९७१ मध्येही होती आणि २०२४ मध्येही होती. या देशांत जन्मलेल्या दोन पिढ्या याच शिक्क्याखाली वाढल्या आहेत.

तीन कसोट्या

एखादा देश यादीत असावा की नसावा, याचा विचार राष्ट्रसंघाची विकास धोरण समिती दर तीन वर्षांनी करते. त्यासाठी तीन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाची असून त्यासाठी तीन वर्षांची सरासरी धरली जाते. २०२४ च्या आढाव्यात यादीत येण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १,०८८ डॉलर किंवा त्याहून कमी, तर बाहेर पडण्यासाठी १,३०६ डॉलर किंवा त्याहून अधिक अशी होती. दोन्ही मर्यादांमध्ये मुद्दाम अंतर ठेवले आहे. एखाद्या वर्षाच्या बऱ्या-वाईट पावसाने देश यादीच्या आत-बाहेर होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

दुसरी कसोटी ‘मानवी संपदा निर्देशांक’ या नावाने ओळखली जाते. पाच वर्षांखालील मुलांचा मृत्यूदर, मातामृत्यूदर, वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण, प्रौढ साक्षरता, निम्न माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्या मुलांचे प्रमाण आणि त्यातील मुलगे-मुलींमधील तफावत या गोष्टी तीत मोजल्या जातात. १०० पैकी ६६ गुण मिळाल्यास देश या कसोटीला उतरला, असे मानतात.

तिसरी कसोटी असुरक्षिततेची आहे. देश समुद्रापासून व बाजारपेठांपासून किती दूर आहे, त्याची निर्यात एक-दोन मालांवरच अवलंबून आहे काय, किती लोक सखल किनाऱ्यावर किंवा कोरडवाहू मुलखात राहतात, पूर, दुष्काळ आणि वादळे यांची झळ किती जणांना बसते, हे यात पाहिले जाते. येथे गुण जितके कमी तितके चांगले. ३२ किंवा त्याहून कमी गुण असावे लागतात.

तीनपैकी दोन कसोट्या लागोपाठच्या दोन आढाव्यांत पार केल्या, तर तो देश बाहेर पडण्यास पात्र ठरतो. याला एक अपवाद आहे. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या तिप्पट झाले, तर अन्य दोन कसोट्यांत नापास झालेला देशही पात्र ठरतो. या अपवादाचा परिणाम काय होतो, ते पुढे येईलच.

यादीत प्रवेश मात्र देशाच्या संमतीशिवाय होत नाही. घाना, पापुआ न्यू गिनी आणि झिम्बाब्वे हे देश कसोट्यांनुसार पात्र ठरले असताना त्यांनी यादीत येण्यास नकार दिला. या नकारामागे राष्ट्राभिमानाचा भाग असावा, हे उघड आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जागतिक बँक देशांचे अल्प, मध्यम आणि उच्च उत्पन्न गटांत जे वर्गीकरण करते, ते वेगळे. ते केवळ उत्पन्नावर आधारलेले असते. बांगलादेशाला जागतिक बँकेने २०१५ मध्ये निम्न-मध्यम उत्पन्न गटात घातले, तेव्हा तो देश ‘अल्पतम विकसित’ राहिला नाही, अशा बातम्या अनेक ठिकाणी आल्या. त्या बरोबर नव्हत्या.

यादीत असण्याचे लाभ

यादीतील देशांना मिळणाऱ्या सवलतींपैकी सर्वांत मोलाची सवलत व्यापारातील आहे. युरोपीय संघाने २००१ पासून या देशांचा शस्त्रास्त्रे वगळता सर्व माल शुल्कमुक्त केला. भारतानेही २००८ मध्ये अशी योजना जाहीर केली आणि पुढील काही वर्षांत ९८ टक्क्यांहून अधिक प्रकारच्या मालाला तिचा लाभ दिला. सार्क देशांच्या मुक्त व्यापार कराराखाली भारताने २०११ मध्ये मद्य व तंबाखू यांसारखे मोजके पदार्थ सोडून शेजारच्या अल्पतम विकसित देशांच्या मालावरील शुल्क काढून टाकले.

औषधांच्या पेटंटच्या बाबतीत या देशांना जागतिक व्यापार संघटनेने जानेवारी २०३३ पर्यंत सूट दिलेली आहे. सवलतीच्या दराने कर्जे, राष्ट्रसंघाच्या वर्गणीत कपात, आंतरराष्ट्रीय परिषदांना जाण्याचा प्रवासखर्च अशा लहानमोठ्या सोयीही आहेत. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१५ ते ०.२० टक्के रक्कम या देशांच्या मदतीसाठी द्यावी, हे उद्दिष्ट अनेक परिषदांत पुन्हा पुन्हा मान्य झाले. बहुतेक दात्यांनी ते कधीच गाठले नाही. त्यातच अमेरिकेने आपली परदेशी मदत संस्था २०२५ मध्ये बंद केली आणि आफ्रिकेतील अनेक देशांच्या आरोग्य योजनांना त्याचा जबर फटका बसला.

जे बाहेर पडले त्यांची कथा

बाहेर पडणारा पहिला देश बोत्स्वाना होय. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. डांबरी रस्ते जवळपास नव्हतेच. दुसऱ्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला. सरकारने डी बिअर्स कंपनीशी भागीदारी केली आणि हिऱ्यांचा पैसा शाळा, दवाखाने व रस्त्यांकडे वळवला. १९९४ मध्ये बोत्स्वाना यादीतून बाहेर पडला. त्याच सुमारास एड्सच्या साथीने देशाला घेरले आणि सरासरी आयुर्मान झपाट्याने खाली आले. उत्पन्नाच्या आकड्यांत ही घसरण दिसत नव्हती. सरकारने २००२ पासून मोफत औषधोपचार सुरू केल्यानंतर परिस्थिती सावरली. अलीकडे प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांमुळे बोत्स्वानाच्या महसुलाला ओहोटी लागली असून त्याचे पडसाद सुरतच्या कारखान्यांत आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरे बाजारातही उमटले आहेत. एकाच मालावर विसंबण्याचा धोका असुरक्षिततेच्या कसोटीत का धरला आहे, हे यावरून समजते.

मालदीवची कथा तर विलक्षण आहे. २० डिसेंबर २००४ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने मालदीवच्या निर्गमनाला मान्यता दिली. सहाच दिवसांनी हिंदी महासागरात त्सुनामी उसळली. मृत व बेपत्ता मिळून शंभराहून अधिक जणांचा बळी गेला. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक किमतीची हानी झाली. निर्णय पुढे ढकलावा लागला आणि मालदीव अखेर १ जानेवारी २०११ रोजी बाहेर पडला. सार्क देशांच्या व्यापार करारात मालदीवसाठी एक खास कलम आहे. यादीतून बाहेर पडल्यावरही त्याला जुन्या सवलती मिळत राहाव्यात, अशी तरतूद त्यात आहे. युरोपने मात्र सवलत काढून घेतली आणि २०१४ पासून मालदीवच्या ट्यूना माशांवर तेथे शुल्क लागू झाले.

सामोआला २००९ च्या त्सुनामीमुळे २०१४ पर्यंत, तर वानुआतूला २०१५ च्या ‘पाम’ चक्रीवादळामुळे २०२० पर्यंत थांबावे लागले. केप व्हर्डे २००७ मध्ये बाहेर पडला. द्वीपदेशांच्या बाबतीत एक लाट किंवा एक वादळ अनेक वर्षांची कमाई धुऊन नेते, ही बाब या तारखांमध्येच नोंदली गेली आहे.

भूतान १३ डिसेंबर २०२३ रोजी बाहेर पडला. ही तारीख त्याने आपल्या बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीशी जुळवून घेतली होती. चुखा, ताला आणि मांगदेछू हे जलविद्युत प्रकल्प भारताच्या साहाय्याने उभे राहिले आणि तेथील वीज भारतालाच विकली जाते. त्या उत्पन्नातून शिक्षण व आरोग्यसेवा मोफत ठेवणे भूतानला शक्य झाले. भारताशी त्याचा स्वतंत्र मुक्त व्यापार करार असल्याने यादीतील सवलती गेल्याचा व्यापारावर फारसा परिणाम झाला नाही. भूतानपुढील काळजीची बाब वेगळीच आहे. शिकलेले तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाकडे जाऊ लागले आहेत.

पैसा आहे, माणसे मागे. माणसे पुढे, पैसा नाही

केवळ उत्पन्नाच्या अपवादाचा लाभ घेऊन बाहेर पडलेला देश म्हणजे मध्य आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनी. १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथे समुद्रात खनिज तेल सापडले. काही वर्षांतच दरडोई उत्पन्न आफ्रिकेत अग्रस्थानी पोहोचले. २०१७ मध्ये देशाचे नाव यादीतून काढण्यात आले. परंतु मानवी संपदेच्या कसोटीत तो तेव्हाही नापास होता आणि असुरक्षिततेच्या कसोटीतही. तेलाचा पैसा तेथील सामान्य बालकापर्यंत, बाळंतिणीपर्यंत पोहोचलाच नव्हता. अंगोला हा आणखी एक तेलसमृद्ध देश. त्यालाही केवळ उत्पन्नाच्या बळावर फेब्रुवारी २०२१ ही तारीख मिळाली होती, पण तेलाचे भाव कोसळले आणि ती पुढे ढकलावी लागली.

याच्या नेमके उलट उदाहरण नेपाळचे आहे. नेपाळने मानवी संपदा आणि असुरक्षितता या दोन कसोट्या २०१५, २०१८ आणि २०२१ अशा तीनही आढाव्यांत पार केल्या. मात्र दरडोई उत्पन्नाची मर्यादा तो एकदाही ओलांडू शकला नाही. उत्पन्नाची कसोटी पार न करता निर्गमनाची मान्यता मिळालेला तो पहिलाच देश होय.

हे कसे घडले, याचे उत्तर बऱ्याच अंशी डोंगरवाटांवरून फिरणाऱ्या स्त्रियांकडे जाते. नेपाळ सरकारने १९८८ मध्ये गावोगावच्या महिलांमधून आरोग्य स्वयंसेविका निवडण्यास सुरुवात केली. त्यांची संख्या पुढे पन्नास हजारांच्या घरात गेली. बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देणे, गरोदर स्त्रियांना सल्ला देणे, अतिसारावर प्राथमिक उपचार करणे ही कामे त्या करतात. यातील अनेक जणी सुरुवातीस निरक्षर होत्या. त्यांना नियमित पगार नाही. बाळंतपणासाठी रुग्णालयात येणाऱ्या स्त्रीला प्रवासखर्च देण्याची योजना २००५ मध्ये सुरू झाली. १९९६ च्या पाहणीत नेपाळमध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५३९ मातांचा मृत्यू होत असे. २०२१ च्या जनगणनेत हे प्रमाण १५१ असल्याचे आढळले. मधल्या काळात दहा वर्षांचे सशस्त्र बंड, राजेशाहीचा अंत आणि २०१५ चा विनाशकारी भूकंप हे सारे होऊन गेले, हे लक्षात घेतले म्हणजे या घटीचे महत्त्व कळते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश इतकी रक्कम परदेशी गेलेले नेपाळी कामगार घरी पाठवतात. आखाती देश, मलेशिया आणि भारतात राबणाऱ्या या हातांमुळे घरची चूल आणि मुलांची शाळा चालते. कारखाने आणि रोजगार मात्र देशात उभे राहिलेले नाहीत. निर्गमनाची कसोटी देशात काय पिकते वा बनते यापेक्षा माणूस कसा जगतो याला अधिक वजन देते. ते योग्यच आहे, पण त्यामुळे रोजगाराचा प्रश्न सुटत नाही.

बांगलादेश : सर्वांत मोठी परीक्षा

आजवर बाहेर पडलेले देश लोकसंख्येने लहान होते. बोत्स्वानाची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास आहे, तर वानुआतूची काही लाख. सुमारे सतरा कोटी लोकसंख्येच्या बांगलादेशाची गोष्ट त्यामुळे अगदी निराळी ठरते.

१९७१ मध्ये हा देश जन्माला आला तो युद्ध, निर्वासित आणि रोगराई यांच्या गर्तेत. लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाण्यातील मिश्रण रुग्णांना तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आले. या द्रावणाची उपयुक्तता ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत १९६८ मध्येच सिद्ध झाली होती. पण डॉक्टरांचा मोठा वर्ग ती मानण्यास तयार नव्हता. बनगावने तो संशय पुसून टाकला. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

या जलसंजीवनीला घराघरात नेण्याचे काम बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने केले. फजले हसन अबेद यांनी ती १९७२ मध्ये स्थापन केली होती. १९८० ते १९९० या काळात संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढेच त्या शिकवत. शिकवणाऱ्या स्त्रीचे मानधन ठरवण्याची रीतही अनोखी होती. काही आठवड्यांनी दुसरी कार्यकर्ती येऊन आईला किती लक्षात राहिले आहे ते तपासे आणि त्यावर पहिलीचे पैसे ठरत. पाच वर्षांखालील मुलांचा मृत्यूदर १९९० मध्ये हजारी दीडशेच्या जवळ होता. तो तिसाच्या आसपास आला आहे. लसीकरण, कुटुंबनियोजन आणि मुलींचे शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे.

उत्पन्न वाढले ते शिवणयंत्रांवर. १९७९ मध्ये ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने आपले १३० कामगार दक्षिण कोरियातील देवू कंपनीच्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी पाठवले. परत आल्यावर त्यांतील अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. आज निर्यातीतील ८० टक्क्यांहून अधिक उत्पन्न तयार कपड्यांचे असून सुमारे ४० लाख लोक या धंद्यात आहेत. त्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मरण पावले. त्याआधी इमारतीच्या भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावण्यात आले. स्वस्त कपड्यांची किंमत कोण मोजतो, हे त्या दिवशी जगाला दिसले. त्यानंतर कारखान्यांच्या तपासणीची व्यवस्था उभी राहिली.

२०२१ च्या आढाव्यात बांगलादेशाने तीनही कसोट्या पार केल्या. उत्पन्नाची मर्यादा तेव्हा १,२२२ डॉलर होती आणि बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न १,८२७ डॉलर भरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आमसभेने बांगलादेश, नेपाळ आणि लाओस या तिघांसाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख निश्चित केली. एरवी पूर्वतयारीसाठी तीन वर्षे दिली जातात. कोविडची साथ लक्षात घेऊन पाच वर्षे देण्यात आली.

यशाची किंमत

यादीतून बाहेर पडण्याला राष्ट्रसंघ इंग्रजीत जो शब्द वापरतो, त्याचा शब्दशः अर्थ ‘पदवीधर होणे’ असा आहे. शब्द समर्पक आहे. पदवी हाती पडली की फी-माफी आणि वसतिगृह बंद होते. नोकरी मिळेलच याची हमी कोणी देत नाही.

बांगलादेशाच्या बाबतीत याचा अर्थ असा. युरोपात शुल्काशिवाय जाणाऱ्या कपड्यांवर सर्वसाधारण दराने सुमारे १२ टक्के शुल्क लागू शकते. त्याहून बारीक, पण अधिक अडचणीची अट ‘मूळ देशा’च्या नियमाची आहे. यादीतील देशाने कापड कोठूनही आणून केवळ शिलाई केली, तरी तो कपडा त्या देशाचा मानला जातो. ही सूट युरोपने २०११ मध्ये दिली. यादीबाहेर गेल्यावर सवलतीसाठी कापडही देशातच विणावे लागते. सुती होजिअरीत बांगलादेश हे करू शकतो. विणलेल्या कापडाचे शर्ट-पँट मात्र मोठ्या प्रमाणावर चीन आणि भारतातून आलेल्या कापडावर शिवले जातात. त्याचा स्पर्धक व्हिएतनाम याने युरोपशी स्वतंत्र व्यापार करार केला असून तो ऑगस्ट २०२० पासून अमलात आहे. यादीबाहेर जाणाऱ्या देशाला युरोप आणखी तीन वर्षे जुनी सवलत देतो. म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकानुसार खरा कस २०२९ अखेरीस लागेल.

औषधांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. बांगलादेश आपल्या गरजेची बहुतांश औषधे स्वतः तयार करतो. पेटंटचे बंधन नसल्याने नवी औषधेही तेथील कंपन्या लवकर आणि स्वस्तात बनवू शकल्या. कोविडच्या काळात मे २०२० मध्येच तेथे रेमडेसिविर तयार झाले होते. निर्गमनानंतर २०३३ पर्यंतची सूट या देशाला लागू राहत नाही. जुन्या औषधांना याची झळ बसणार नाही. कर्करोगासारख्या आजारांवरील नव्या औषधांच्या किमती मात्र वाढू शकतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर शेख हसीना यांचे सरकार कोसळले. अंतरिम सरकारने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत आधीच्या काळातील विकासदराचे आकडे फुगवलेले असल्याचे म्हटले. २०२५ मध्ये उद्योजकांच्या संघटनांनी निर्गमन काही वर्षे पुढे ढकलावे, अशी जोरदार मागणी केली. विरोधी मत असे की, तयारीसाठी वर्षे मिळाली होती. ती बंदरांच्या सुधारणेत, नव्या व्यापार करारांत आणि कपड्यांव्यतिरिक्त अन्य उद्योगांत घालवायला हवी होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र आईला गुळाचे पाणी करता येणे आणि मुलगी शाळेत जाणे, या गोष्टी कोणत्याही श्वेतपत्रिकेने खोट्या ठरत नाहीत. मानवी संपदेच्या कसोटीत बांगलादेशाला २०२१ मध्ये ७५ हून अधिक गुण मिळाले होते आणि तो पाया उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा भक्कम आहे.

पुढील वाट

२०११ च्या इस्तंबूल परिषदेने २०२० पर्यंत निम्मे देश निर्गमनाच्या कसोट्या पार करतील, असे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात त्या दशकात मोजकेच देश बाहेर पडले. मार्च २०२३ मधील दोहा परिषदेने आपले उद्दिष्ट अधिक सावध ठेवले असून २०३१ पर्यंत आणखी १५ देशांनी पात्र व्हावे, असे त्यात म्हटले आहे. म्यानमारचा विचार फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावामुळे लांबणीवर पडला. अफगाणिस्तान, सुदान, येमेन आणि हैती येथे युद्ध व अराजकामुळे कसोट्यांची भाषाच तूर्त गैरलागू झाली आहे.

सॉलोमन बेटांसाठी डिसेंबर २०२७ ही तारीख ठरलेली आहे. कंबोडिया आणि सेनेगल यांना आमसभेने डिसेंबर २०२९ पर्यंत मुदत दिली आहे. २०२४ च्या आढाव्यात रवांडा, युगांडा आणि टांझानिया हे पूर्व आफ्रिकेतील तीन देश पहिल्यांदाच कसोट्यांना उतरले. हे तिघेही १९७१ च्या मूळ यादीतील आहेत. रवांडात १९९४ मध्ये भीषण नरसंहार झाला होता. तेथे गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते आणि सामूहिक आरोग्य विम्याच्या बळावर बालमृत्यूंचे प्रमाण त्यानंतरच्या काळात वेगाने घटले. नियमाप्रमाणे या तीन देशांना २०२७ च्या आढाव्यात पुन्हा उत्तीर्ण व्हावे लागेल.